खाजकुहिलीचे बी

कोकणातल्या रानावनात वाढलेल्या वाचकाला खाजकुहिलीची ओळख करून द्यावयास नको. शेंगेवरची ती पिंगट लव अंगाला लागली की भलाभला माणूस नाचू लागतो. व्रात्य पोरांनी तिचा उपयोग कशाकशासाठी केला असेल, ते ज्याचे त्याला ठाऊक! पण या खाजऱ्या शेंगेच्या पोटातले बी मोठे गुणाचे.

संस्कृतात हिला आत्मगुप्ता किंवा कपिकच्छू म्हणतात. वैद्यांनी हे बी दिले ते मुख्यतः बलवर्धक आणि वाजीकर म्हणून, शिवाय वातशामक म्हणून. माधवनिदानात अंग आणि मस्तक कापणाऱ्या ‘वेपथू’चे वर्णन आहे. एवढ्यावरून ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. बियांच्या आत काय दडले आहे ते कळावयास १९३७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी त्यातून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढले.

हे द्रव्य १९१३ मध्येच बाझेल येथे गुगेनहाइम याने बाकल्याच्या शेंगांतून मिळविले होते. गृहस्थाने अडीच ग्रॅम स्वतःच गिळून पाहिले, आणि ओकारीने हैराण झाला! पुढे कितीतरी वर्षे या द्रव्याचे करावयाचे काय, हे कोणालाच उमगले नाही.

आता योगायोग पाहा. आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला, आणि १९५२ मध्ये त्याच बाझेल शहरी तिच्यातून रिसर्पिन निघाले. १९५७ च्या सुमारास स्वीडनच्या कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन टोचले. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना डोपा टोचताच ते उठून हिंडू लागले! पुढे १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविझ यांनी दाखवून दिले की, १८१७ साली जेम्स पार्किन्सनने वर्णिलेल्या कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत डोपामिनचाच खडखडाट असतो. लेव्होडोपापासून शरीर डोपामिन बनविते. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी ते हळूहळू मात्रा वाढवीत तोंडावाटे दिले, आणि थिजलेली माणसे चालू लागली.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी कंपवाताच्या रोग्यांना खाजकुहिलीचे बी देऊन पाहिले. तो वृत्तांत १९७८ साली छापून आला. २००४ मध्ये लंडनला आठ रोग्यांवर तुलना झाली. तीस ग्रॅम चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीहून लवकर आला आणि अधिक वेळ टिकला. आठ माणसे म्हणजे फार थोडी, हे खरे. पण परीक्षा चोख होती.

तेव्हा हे चूर्ण म्हणजे ‘नुसते झाडपाल्याचे, अपाय काय होणार’ असे नव्हे. ते औषधच आहे. डॉक्टरांच्या गोळीवर घरच्यांनी मायेने चमचाभर चूर्ण घातले, तर तेच औषध दुप्पट होऊन आजोबांचे अंग वेडेवाकडे हलू लागेल, रक्तदाब उतरून तोल जाईल. मेंदूतील पेशींचा ऱ्हास गोळीने थांबतो असे सिद्ध झालेले नाही, तसेच चूर्णानेही नाही. आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्या २०२२ साली तपासल्या, तेव्हा एका मात्रेत कुठे २ मिलिग्रॅम लेव्होडोपा निघाले, कुठे २४० च्या वर.