खाऱ्या हवेतले मॅग्नेशियम

वसईच्या मिठागरात मीठ धरल्यावर जे कडवट पाणी उरते, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. गंमत अशी, की या धातूला समुद्राचा खारेपणाच सोसत नाही. १९०९ मध्ये जर्मनीतील ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन कंपनीने मॅग्नेशियमचा ‘इलेक्ट्रॉन’ हा मिश्रधातू जगापुढे आणला. वजन ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश. पुढे फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे कवच मॅग्नेशियमच्याच मिश्रधातूत ओतले गेले.

किनाऱ्यालगत असे कवच उघडे राहिले, की त्यावर आधी पांढुरकी भुकटी धरते, मग खड्डे पडतात. सुरुवात बहुधा पोलादी बोल्टभोवती होते, कारण खारट ओलाव्यात दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते. जुना इलाज आम्लयुक्त डायक्रोमेटच्या द्रावणात बुडवण्याचा. भाग सोनेरी-तपकिरी होई. त्यावर झिंक क्रोमेटचा प्रायमर, मग रंग. या दोन्हींतले क्रोमियम कर्करोगकारक ठरल्यावर क्रोमरहित प्रक्रिया आणि इपॉक्सी प्रायमर आले.

सफाईची पथ्ये मात्र बदलली नाहीत. लोखंडी तारेचा ब्रश वर्ज्य. त्याचे कण रुतले, की तिथूनच धातू खाल्ला जातो. घासताना पडलेला बारीक चुरा पेटला तर पाणी ओतायचे नाही. त्यातून हायड्रोजन सुटून आग आणखी भडकते.