राजाच्या कोठारांतील मांजर

इतिहासावरील भाषण म्हटलें कीं राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा धरण्याची आपणांस संवय झालेली आहे. आजच्या भाषणांत राजा आहे, त्याचा कायदाहि आहे; परंतु तो कायदा एका मांजराविषयींचा आहे. दिवाणखान्यांतील गादीवर लोळणाऱ्या मांजराविषयींचा नव्हे, तर कडाक्याच्या थंडींत धान्याच्या कोठारांत राहून उंदीर मारणाऱ्या मांजराविषयींचा. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या समाजाचें वर्षाचें अन्न एका कोठारांत सांठविलेलें असे, त्याला तो तसा वाटत नसे.

उत्तर युरोपांतील शेतकऱ्याचा हिंवाळा कसा असे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडे पीक निघालें कीं खळ्यावर मळणी होते, धान्य कणगींत किंवा पेवांत जातें, आणि आपण मोकळे होतों. इंग्लंड, वेल्स अशा देशांत मात्र ऑगस्ट-सप्टेंबरांत कापलेलें पीक कणसांसह पेंढ्या बांधून कोठारांत रचीत. पावसाळी हवेमुळें उघड्यावर मळणी होणें कठीण. म्हणून ती कोठारांतल्याच जमिनीवर, दांडक्यांनीं झोडपून, थोडी थोडी अशी हिंवाळाभर चाले. म्हणजे नोव्हेंबरापासून वसंतापर्यंत कणसें, पेंढा आणि ऊब हीं तिन्ही एकाच छपराखालीं! उंदरास याहून अधिक काय पाहिजे? बाहेर थंडी वाढली कीं शेतांतले उंदीरहि आंत शिरत. आणि त्या धान्यांत केवळ भाकरी नव्हती, वसंतांत पेरावयाचें बियाणेंहि होतें. तें गेलें तर पुढचें वर्षहि गेलें.

या संकटावर उपाय म्हणून जो प्राणी ठेवीत, तो मुळचा थंडीचा नव्हे. पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील रानमांजर होत. सायप्रस बेटावर सुमारें 9,500 वर्षांपूर्वीं एका मनुष्याशेजारीं पुरलेलें मांजर उत्खननांत सांपडलें व त्याची हकीकत 2004 सालीं प्रसिद्ध झाली. शेती आणि सांठवण सुरू झाली, धान्यामागें उंदीर आला, उंदरामागें मांजर आलें. पुढें रोमन साम्राज्याच्या काळांत हा प्राणी युरोपभर पसरला. उन्हाळी प्रदेशांतलें हें जनावर बर्फांत कसें टिकलें? बव्हंशीं गाईंच्या आधारानें. एका गाईच्या अंगीं ऊब पुष्कळ असते. पांच-सहा गाई बांधलेला गोठा बाहेर पाणी गोठलें तरी सुसह्य राहतो. मांजर गोठ्याच्या माळ्यावर वाळल्या गवतांत बीळ करून निजे. (कापडाचें अंथरूण ओल धरून गारठतें, कोरडा पेंढा तसा गारठत नाहीं.) तरीहि कित्येकांच्या कानांचीं टोंकें हिमानें झडून जात. शिवाय दिवस लहान झाला कीं मांजरींचा माजहि थांबतो, त्यामुळें बहुतेक पिल्लें वसंत-उन्हाळ्यांतच जन्मतात. जानेवारींत एक मांजर मेलें तर त्याची जागा भरून निघण्यास महिने लागत.

आतां कायद्याकडे वळूं. दहाव्या शतकांत वेल्समध्यें हवेल दा, म्हणजे 'सज्जन हवेल', या नांवाचा राजा होऊन गेला. तो इ. स. 950 च्या सुमारास वारला. वेल्सचे जुने कायदे त्याच्या नांवानें ओळखले जातात. त्यांच्या उपलब्ध पोथ्या मात्र तेराव्या शतकापासूनच्या आहेत, म्हणून त्यांतला प्रत्येक शब्द हवेलच्या दरबारांतला समजूं नये. या कायद्यांत मांजराचा भाव ठरवून दिलेला आहे. जन्मल्यापासून डोळे उघडेपर्यंत एक पेनी. डोळे उघडल्यापासून उंदीर मारूं लागेपर्यंत दोन. आणि उंदीर मारूं लागल्यावर चार पेन्या. विकत घेणाऱ्यास हमीहि आहे. मांजरीस दिसलें पाहिजे, ऐकूं आलें पाहिजे, नखें शाबूत असलीं पाहिजेत, तिनें उंदीर मारले पाहिजेत, आणि पिल्लें खाऊन न टाकतां वाढविलीं पाहिजेत. यांत उणीव निघाल्यास किंमतीचा तिसरा हिस्सा परत. वस्ती कशास म्हणावें याच्या व्याख्येंतहि मांजर आलें आहे: नऊ घरें, एक नांगर, एक भट्टी, एक ताक घुसळण्याचा डेरा, एक कोंबडा, एक वळू, एक गुराखी आणि एक मांजर. नवराबायको विभक्त झालीं तर नवऱ्यानें एक मांजर घ्यावें व उरलेलीं बायकोस द्यावींत, इतका बारकावा या कायद्यानें पाहिला आहे.

परंतु खरी मौज राजाच्या कोठाराच्या मांजरांत आहे. तें कोणीं मारलें किंवा चोरलें, तर मांजरास स्वच्छ सपाट जमिनीवर डोकें खालीं व शेंपूट वर असें धरावें, आणि शेंपटाचें टोंक झांकेपर्यंत वरून गहूं ओतावे. तितके गहूं हा दंड. आपल्या तुलादानाची येथें आठवण होते. पण तुलेंत वजनाइतकें धान्य द्यावयाचें असतें, येथें तसें नाहीं. ओतलेले गहूं सरळ उभे राहत नाहींत, चहूंकडे पसरतात. मास्तरकीची खोड म्हणून मीं हिशेब मांडला. नाकापासून शेंपटाच्या टोंकापर्यंत 70 सेंटिमीटर धरले व गव्हाच्या राशीचा उतार सुमारें 27 अंश धरला, तर राशीच्या तळाचा व्यास पावणेतीन मीटर होतो आणि गहूं भरतात हजार किलोच्या आसपास. बाजारांत चार पेन्यांचें मांजर, आणि दंड सुमारें एक टन गहूं! मांजर असतें तर कोठारांत जें वांचलें असतें, तेंच चोराकडून मागितलें आहे, असें मला वाटतें.

पण मांजर चोरील तरी कोण, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर थंडींतच आहे. त्या काळीं मांजराचें कातडें हें गरिबाघरचें उबदार अस्तर होतें. 1127 सालीं वेस्टमिन्स्टर येथें भरलेल्या धर्मसभेनें मठांतील जोगिणींना कोंकरू किंवा मांजर यांहून भारी लोकर अगर कातडें अंगावर घेण्याची मनाई केली; म्हणजे मांजराचें कातडें साधेपणाची मर्यादा ठरलें. थंडींत मांजराचे केस दाट होतात. ज्या महिन्यांत कोठाराला त्याची सर्वांत अधिक गरज, त्याच महिन्यांत त्याचें कातडें सर्वांत चांगलें.

इंग्लंडमधील एक्सेटर येथील मुख्य चर्चच्या जमाखर्चांत तर 1305 ते 1467 या काळांत मांजरासाठीं आठवड्यास एक पेनी खर्ची पडलेली दिसते. तेथील एका दरवाजाला मांजरासाठीं पाडलेलें भोंक आजहि दाखवितात.

ही पेनी कशासाठीं? जें स्वतः शिकार करतें त्याला पगार कसला? उपाशी मांजर अधिक उंदीर मारतें, असा समज तिकडे आहे, आपल्याकडेहि आहे. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनीं शेतांवरील मांजरांची पाहणी करून 1953 सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत वेगळेंच दिसतें. मोठ्या जातीच्या उंदरांनीं आधींच व्यापलेलें शेत मांजरांना साफ करतां येत नाहीं. पण एकदां ते अन्य उपायांनीं घालविले, तर मांजरें त्यांना इमारतींत पुन्हां शिरूं देत नाहींत. मात्र मांजरें इमारतींजवळ राहिलीं पाहिजेत, आणि त्यासाठीं त्यांना दूध घालावें लागतें. नाहीं तर तीं भक्ष्याच्या शोधांत दूर भटकतात.

दूध घाला, असें म्हणणें आज सोपें आहे. त्या काळीं वैरण अपुरी, त्यामुळें थंडी पडली कीं बहुतेक गाई आटत, आणि पुन्हां वितांना वसंत उजाडे. डिसेंबर-जानेवारींत कोठाराच्या दाराशीं मांजरापुढें जें काय वाटींत पडे, तें घरांतल्याच कोणाच्या तरी तोंडचें काढलेलें असे.