१५ फुटांची रेषा : सरावात पडणारा चेंडू सामन्यात का चुकतो?

१/
१५ नोव्हेंबर १९९३. कॅलिफोर्नियातील एका व्यायामशाळेत टॉम ॲम्बेरी नावाचे सत्तरी ओलांडलेले निवृत्त डॉक्टर बास्केटबॉलच्या फ्री थ्रो रेषेवर उभे राहिले. सुमारे १२ तासांत त्यांनी सलग २,७५० चेंडू रिंगमधून पार केले. ते थांबले, ते चेंडू चुकला म्हणून नव्हे, तर व्यायामशाळा बंद करण्याची वेळ झाली म्हणून.

२/
अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधील खेळाडूंची फ्री थ्रोची सरासरी मात्र कित्येक दशके ७५ टक्क्यांच्या आसपासच रेंगाळत राहिली. अंतर तेच १५ फूट, रिंगची उंची तीच १० फूट, समोर अडवणारा कोणी नाही. सरावात डोळे झाकून टाकावा असा हा चेंडू सामन्यात का चुकतो? या प्रश्नाला शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

३/
डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ शोधून काढला. त्यांच्या मूळ १३ नियमांत फ्री थ्रो नव्हताच. एका संघाने लागोपाठ तीन नियमभंग केले, तर प्रतिस्पर्ध्याच्या खाती आपोआप एक गोल जमा होत असे. शिक्षा होती, परीक्षा नव्हती.

४/
१८९० च्या दशकाच्या मध्यास फ्री थ्रो अवतरला. अंतर आधी २० फूट होते, ते लवकरच १५ फूट झाले. तरीही प्रत्येक खेळाडूस त्या रेषेवर उभे राहावे लागत नसे. संघातील सर्वांत नेमबाज गडी सगळ्यांच्या वतीने चेंडू टाकी. १९२० च्या दशकात नियम बदलला : ज्याच्यावर नियमभंग झाला, त्यानेच चेंडू टाकायचा.

५/
हा बदल वरकरणी किरकोळ, परिणामाने मोठा. अखंड धावणारा खेळ क्षणभर थांबतो, नऊ खेळाडू बाजूस होतात आणि हजारो डोळे एकाच माणसावर खिळतात. सांघिक खेळात इतके एकटेपण दुसऱ्या कोणत्याही क्षणी वाट्याला येत नाही. कालपर्यंत तज्ज्ञाचे असलेले काम आता प्रत्येकाची वैयक्तिक कसोटी झाले.

६/
डोळ्यांच्या या ओझ्याची शास्त्रीय चौकशी त्याच सुमारास सुरू झाली होती. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट यांनी दाखवले, की सायकलस्वार एकट्यापेक्षा इतरांच्या सोबतीत अधिक वेगाने जातात. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दुसरी बाजू मांडली : उत्तेजना बेताची असेल तोवर लाभ, अवघड कामात ती प्रमाणाबाहेर गेली, की नुकसान.

७/
वेगाने पायडल मारणे आणि सुमारे साडेनऊ इंच व्यासाचा चेंडू १८ इंचांच्या रिंगमधून अचूक नेणे, ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्याला जोर लागतो. दुसऱ्याला मनगट, कोपर आणि गुडघे यांचा नाजूक मेळ. अंगात संचारलेली ऊर्जा पहिल्यात उपयोगी पडते, दुसऱ्यात तीच घात करते.

८/
परंतु ऊर्जा हे अर्धेच उत्तर झाले. १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी उरलेले अर्धे मांडले. दडपण आले, की माणूस स्वतःच्याच हालचालींवर पहारा देऊ लागतो. हजारो वेळा केल्याने अंगवळणी पडलेली कृती पुन्हा जाणिवेच्या ताब्यात जाते आणि तिची लय तुटते. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागणारा माणूस अडखळतो, तसेच हे.

९/
१९९२ मध्ये रिच मास्टर्स यांनी गोल्फच्या पटिंगवर याचा पडताळा घेतला. ज्यांना तंत्राच्या तपशीलवार सूचना देऊन शिकवले होते, ते दडपणाखाली अडखळले. ज्यांनी नियम पाठ न करता, नकळत कौशल्य आत्मसात केले होते, ते टिकले. पहारा देण्यासाठी मनात नियमच साठवलेले नसतील, तर पहारा तरी कशावर देणार?

१०/
पुस्तकातले हे ज्ञान ७ जून १९९५ रोजी ऑरलँडोच्या मैदानावर जिवंत झाले. एनबीए अंतिम मालिकेचा पहिला सामना. ह्यूस्टनविरुद्ध ऑरलँडो ११०-१०७ ने पुढे, अवघे १०.५ सेकंद शिल्लक आणि रेषेवर निक अँडरसन. त्या हंगामात दहांपैकी सुमारे सात फ्री थ्रो साधणारा खेळाडू. दोनपैकी एक पडला असता, तरी विजय जवळजवळ निश्चित होता.

११/
पहिला चुकला. दुसराही चुकला. परतलेला चेंडू अँडरसननेच पकडला, त्याच्यावर पुन्हा नियमभंग झाला, पुन्हा दोन संधी मिळाल्या. त्याही वाया गेल्या. ह्यूस्टनच्या केनी स्मिथने तीन गुणांचा चेंडू टाकून बरोबरी साधली. जादा वेळेत ह्यूस्टनने १२०-११८ असा विजय मिळवला आणि पुढे मालिका ४-० ने जिंकली.

१२/
खरी किंमत नंतर चुकवावी लागली. १९९६-९७ च्या हंगामात अँडरसनची फ्री थ्रोची सरासरी ४०.४ टक्क्यांपर्यंत घसरली. हात तेच, रेषा तीच. पण त्या चार चेंडूंची आठवण प्रत्येक वेळी त्याच्यासोबत रेषेवर येऊन उभी राहू लागली.

१३/
अर्थात सगळा दोष मनाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. सरावात खेळाडू एकामागून एक पन्नास-शंभर चेंडू टाकतो. एक चुकला, तर पुढचा तो सुधारून घेतो. सामन्यात धावून धापा टाकत आल्यावर दोनच चेंडू मिळतात आणि पुढची संधी कदाचित अर्ध्या तासाने येते. शरीराला लय सापडण्याआधीच परीक्षा संपलेली असते.

१४/
तरीही दडपणाचा वाटा मोजता येतो. अखेरची काही सेकंदे आणि अटीतटीचा सामना अशा वेळी एनबीए खेळाडूंची फ्री थ्रोची अचूकता त्यांच्या नेहमीच्या सरासरीहून ५ ते १० टक्क्यांनी घटते, असे काओ, प्राइस आणि स्टोन यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. थकवा सामनाभर असतो; ही घट मात्र नेमकी मोक्याच्या क्षणी दिसते.

१५/
इतरांच्या नजरेचा धाक चेंडू हातून सुटण्याआधीच काम करतो, याचा पुरावा विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२ रोजी हर्शी येथे त्याने एका सामन्यात १०० गुणांचा विक्रम केला. त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो होते आणि तेही दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यांमधून झुलवत टाकलेले. ही पद्धत लाभत होती. पण ती बायकी दिसते, लोक हसतात, म्हणून त्याने ती सोडली. १९६७-६८ मध्ये त्याची सरासरी ३८ टक्क्यांवर आली.

१६/
रिक बॅरीने त्याच हास्यास्पद समजल्या जाणाऱ्या पद्धतीने टाकत कारकिर्दीत सुमारे ९० टक्के यश मिळवले. चेंबरलेनला उपाय ठाऊक होता. तो चारचौघांत करण्याचे धैर्य नव्हते. आपण चुकीची पद्धत जाणूनबुजून पत्करली, हे त्याने पुढे आत्मचरित्रात मान्य केले.

१७/
प्रतिस्पर्ध्याच्या या दुबळेपणावर डाव रचणारेही निघाले. २९ डिसेंबर १९९७ रोजी डॅलसचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी बब्बा वेल्सला एकच काम दिले : शिकागोच्या डेनिस रॉडमनवर मुद्दाम नियमभंग करायचा, कारण तो फ्री थ्रो हमखास चुकवतो. तीन मिनिटांच्या आत वेल्स सहा नियमभंग करून बाद झाला. रॉडमनने १२ पैकी ९ चेंडू साधले आणि सामना शिकागोने जिंकला.

१८/
म्हणून जाणते प्रशिक्षक आता सरावालाच सामन्याचे रूप देतात. आधी दमेपर्यंत धाव, मग फक्त दोन चेंडू. चुकलास तर शिक्षा साऱ्या संघाला. खेळाडूही चेंडू ठरावीक वेळा आपटणे, खोल श्वास घेणे असा आपापला विधी जपतात. विधी लक्षाला एक कामात गुंतवतो आणि स्वतःवर पहारा देण्यास उसंत ठेवत नाही.

१९/
६ एप्रिल २०१९. मिनिआपोलिस येथे महाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाचा संघ ऑबर्नपेक्षा दोन गुणांनी मागे होता आणि ०.६ सेकंद उरले होते. काइल गायने तीन फ्री थ्रो टाकले, तिन्ही पडले. ६३-६२. दोन दिवसांनी व्हर्जिनिया विजेता ठरला. त्या क्षणी आपल्याला भयंकर भीती वाटत होती, असे गायने सामन्यानंतर सांगून टाकले.

२०/
ॲम्बेरींच्या व्यायामशाळेत आणि गायच्या मैदानात अंतर एका इंचानेही वेगळे नव्हते. वेगळे होते ते चुकण्याचे मोल. सरावाने हात तयार होतो. ते मोल डोक्यावर असताना त्या हाताला त्याचे काम करू देणे, हे मात्र निराळे कौशल्य आहे. त्यासाठी भीती जाण्याची वाट पाहावी लागत नाही. गायचे तिन्ही चेंडू भीतीसकटच रिंगमधून गेले.