एरियान: दुसऱ्याच्या अटी नकोत म्हणून बांधलेलं रॉकेट

जुलै 2023 मध्ये चांद्रयान-3 उडालं, ते आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवर लाइव्ह पाहिलं. त्या रॉकेटच्या द्रव इंधनाच्या टप्प्यात दोन ‘विकास’ इंजिनं होती. या विकासचं घराणं शोधत मागे गेलं, की आपण थेट फ्रान्समधल्या वेर्नों गावात पोचतो आणि तिथे भेटतं एरियान रॉकेट. आजचा भाग त्याच्यावर.

आधी युरोपचं दुखणं समजून घेऊ. 1960 च्या दशकात युरोपातल्या देशांनी मिळून एक रॉकेट करायला घेतलं, नाव ‘युरोपा’. पहिला टप्पा ब्रिटनचा, दुसरा फ्रान्सचा, तिसरा जर्मनीचा. ऐकायला छान वाटतं ना? पण प्रत्येक देश आपापला टप्पा आपापल्या घरी बांधणार, आणि सगळ्याची एकत्र जबाबदारी घेणारा मालक कोणीच नाही. एखाद्या लग्नात मांडव, जेवण आणि वाजंत्री तीन वेगळ्या घरांनी ठरवावं, आणि कार्यालयात येईपर्यंत कोणी कोणाशी बोलूच नये, तसं. ऑस्ट्रेलियातल्या वूमेरापासून दक्षिण अमेरिकेतल्या कुरूपर्यंत चाचण्या झाल्या, पण युरोपाने एकही उपग्रह कक्षेत पोचवला नाही. शेवटचं उड्डाण नोव्हेंबर 1971 मध्ये, तेही फसलं.

त्याच सुमारास फ्रान्स आणि जर्मनीने मिळून ‘सिंफनी’ नावाचे दळणवळण उपग्रह तयार केले. आता ते वर न्यायचे कोणी? अमेरिका ‘हो’ म्हणाली, पण अट घातली: उपग्रह प्रयोगापुरते वापरा, त्यावर धंदा करायचा नाही. पहिला सिंफनी डिसेंबर 1974 मध्ये अमेरिकन रॉकेटवरून गेला, ती अट मान्य करूनच.

माझ्या मते एरियानच्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच. तुमच्याकडे उपग्रह असेल, पैसा असेल, इंजिनियर असतील. पण वर नेणारी गाडी दुसऱ्याची असेल, तर तुमच्या मालाचं काय करायचं हेही तोच ठरवतो.

ही अट पुढे दिसतच होती, म्हणून 31 जुलै 1973 ला ब्रसेल्समध्ये सौदा ठरला. जर्मनीला हवी असलेली स्पेसलॅब प्रयोगशाळा होणार, ब्रिटनला हवा असलेला जहाजांसाठीचा उपग्रह होणार आणि फ्रान्सला हवं असलेलं रॉकेटही होणार. रॉकेटच्या खर्चातला 60 टक्क्यांहून जास्त वाटा फ्रान्सने उचलला. आणि युरोपाकडून घेतलेला धडा असा, की या वेळी सूत्रं एकाच संस्थेच्या हातात दिली: फ्रान्सची अंतराळ संस्था, क्नेस.

आता रचना बघू. एरियान-1 सुमारे 47 मीटर उंच आणि सुमारे 210 टन वजनाचं, तीन टप्प्यांचं. खालच्या टप्प्यात चार ‘वायकिंग’ इंजिनं, दुसऱ्यात एक. यांचं इंधन आणि ऑक्सिडायझर एकमेकांना भिडताच पेट घेतात, वेगळी ठिणगी लागत नाही. तिसऱ्या टप्प्यात मात्र द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन, म्हणजे क्रायोजेनिक इंजिन. उड्डाणतळ कुरू, विषुववृत्ताच्या फक्त पाच अंश उत्तरेला. तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग जवळजवळ पूर्ण मिळतो आणि भूस्थिर उपग्रह नेताना इंधन वाचतं.

15 डिसेंबर 1979. इंजिनं पेटली, धूर निघाला, आणि रॉकेट जागेवरच! दाबाचा एक संकेत चुकीचा आला आणि कॉम्प्युटरने इंजिनं बंद केली. नऊ दिवसांनी, 24 डिसेंबरला, ते नीट उडालं. पण मे 1980 मधलं दुसरं उड्डाण थेट समुद्रात गेलं. एका वायकिंग इंजिनातल्या ज्वलनात जोरदार कंपनं सुरू झाली होती. इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागात बदल करावे लागले, पुन्हा पुन्हा चाचण्या घ्याव्या लागल्या.

आणि पुढच्याच, तिसऱ्या उड्डाणात कोण बसणार होतं, माहितीये? आपला ‘ॲपल’! इस्रोचा प्रायोगिक दळणवळण उपग्रह. हो, तोच, बैलगाडीवर ठेवलेला ज्याचा फोटो तुम्ही शंभर वेळा फॉरवर्ड केला असेल. चाचणी उड्डाण असल्याने युरोपने जागा फुकट दिली होती, पण आधीचं रॉकेट पडलेलं असताना आपला उपग्रह त्यावर चढवणं म्हणजे छातीवर दगड ठेवायचं काम. 19 जून 1981 ला एरियानने ॲपल आणि युरोपचा मेटेओसॅट-2, दोघांनाही वर पोचवलं.

आपलं नातं मात्र त्याच्याही आधीचं. 1974 मध्ये इस्रो आणि वायकिंग बनवणारी फ्रेंच कंपनी यांच्यात करार झाला होता. आपले इंजिनियर वेर्नोंला जाऊन त्यांच्यासोबत इंजिनावर काम करणार, त्या बदल्यात तंत्रज्ञान आपल्याला मिळणार. नंबी नारायणन त्या चमूचे प्रमुख होते. पैशांऐवजी मेहनत देऊन आणलेल्या त्या वायकिंगचं भारतीय रूप म्हणजे विकास.

एरियान-1 एकूण 11 वेळा उडालं, दोनदा अपयशी ठरलं. 1985 मध्ये त्याने हॅलेच्या धूमकेतूकडे जोत्तो यान पाठवलं. पाठोपाठ आलेल्या एरियान-4 आणि एरियान-5 ने जगभरचे उपग्रह नेले, आपले इन्सॅट आणि जीसॅटसुद्धा.

पण स्वतःची गाडी एकदा बांधली की काम संपलं, असं होत नाही. एरियान-5 जुलै 2023 मध्ये निवृत्त झालं, एरियान-6 तयार व्हायला उशीर झाला, आणि युक्रेन युद्धामुळे रशियन सोयूझही हातचं गेलं. युरोपची युक्लिड दुर्बीण अमेरिकन फाल्कन-9 वरून पाठवावी लागली. एरियान-6 पहिल्यांदा उडालं 9 जुलै 2024 ला.

आणि त्याच वर्षी, 5 डिसेंबरला, युरोपच्या प्रोबा-3 उपग्रहांची जोडी श्रीहरिकोटाहून आपल्या पीएसएलव्हीवर बसून गेली. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात कोणतं इंजिन असतं? विकास. वेर्नोंमध्ये शिकलेली विद्या पन्नास वर्षांनी युरोपचाच माल घेऊन वर गेली. पुढचं पीएसएलव्ही उडताना दुसरा टप्पा पेटला, की ही गोष्ट शेजारी बसलेल्याला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!