घराण्यांची वही आणि एक पुसलेलं पान

मागच्या आठवड्यात एका ताईंनी विचारलं, इंदूरच्या आपल्या मराठी घराण्यांची यादी 2001 मध्ये इंटरनेटवर होती, तिचं काय झालं? उत्तर मलाच द्यायला हवं, कारण ती मी आणि माझ्या भाच्याने मिळून केली होती.

आधी थोडा इतिहास, कंटाळू नका. 1979 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यात केन थॉम्पसन यांनी लिहिलेलं डीबीएम नावाचं छोटंसं साधन होतं. मोठा डेटाबेस म्हणजे हेड ऑफिस, त्याला वेगळा सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतो. डीबीएम म्हणजे शाखेतल्या कपाटातली वही. दोनच फाइली, एकीत मजकूर आणि दुसरीत तो शोधण्याची खूण. आम्ही लेजर आणि इंडेक्स ठेवायचो, तसंच. किल्ली सांगितली की यंत्र तिच्यावर हिशेब करून एक आकडा काढतं, आणि त्या आकड्यावरून थेट पान उघडतं. नोंदी हजारो असल्या तरी डिस्क एक-दोनदाच वाचावी लागते. मात्र किल्ली आणि मजकूर मिळून 512 बाइटांत बसवायचं. आणि 'रामबागेत राहणारे सगळे सांग' म्हटलं तर अख्खी वही चाळण्यावाचून गत्यंतर नाही.

पुढे बर्कलेत एनडीबीएम झालं, ग्नूवाल्यांनी जीडीबीएम काढलं. 1993 च्या सुमारास वेबवर सीजीआय आलं तेव्हा लॅरी वॉल यांची पर्ल भाषा लोकांच्या हाती होतीच, आणि तिला ही वही आपोआप उघडता येई. मग भेट-वही म्हणा, पाहुण्यांची मोजणी म्हणा, सगळं यातच. आज तुमच्या प्रत्येक मोबाइलमध्ये असलेलं एसक्यूलाइट, त्याची 2000 सालची पहिली आवृत्तीसुद्धा जीडीबीएमच्या पायावरच उभी होती, बरं का.

आमची यादीही पर्ल आणि डीबीएमवर. भाचा हुशार. दोघांनी एकदम लिहिलं तर फाइल बिघडेल म्हणून त्याने कुलपाची वेगळी सोय केली. मला ते फार पटलं, एका लेजरवर दोन कारकून आम्हीही बसवत नसू. पण किल्ली काय ठेवायची हे त्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नाव आणि आडनाव ठेव की, लोकांना सोपं जाईल."

छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस हे बोलला! एकाच नावाचे चार खातेदार असतात म्हणून तर खाते क्रमांक देतात, हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवायचो.

आमच्याच गल्लीतल्या एका काकांनी वडील होळकरांच्या नोकरीत कसे आले, वाड्यामागे पहिली खोली किती भाड्याने घेतली, असं बरंच बोलून लिहवून घेतलं होतं. दोन महिन्यांनी परदेशातून त्याच नावाच्या, आडनावाच्या एका गृहस्थांनी आपला पत्ता भरला. डीबीएममध्ये एका किल्लीला एकच मजकूर. नवा लिहिला की जुना गेला. त्याने काही चूक दाखवली नाही, दाखवणारही नव्हतं. आपण सांगितलं तेच त्याने केलं.

हे कळलं तेव्हा जुनी प्रतही नव्हती, कारण प्रत आम्ही दर महिन्याला त्याच फ्लॉपीवर काढत होतो. काकांकडे पुन्हा जाऊन लिहून घ्यायचं ठरवलं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दिवाळी आली, आणि त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

यादीच्या बाकी नोंदी माझ्याकडे छापील आहेत, बाडात. ज्यांना आपल्या घरची हवी असेल त्यांनी सांगावं, फोटो काढून पाठवतो. आणि त्या काकांच्या वडिलांना कुणी पाहिलं असेल, किंवा घरी काही ऐकलं असेल, तर इथे खाली जरूर लिहा. भाड्याचा आकडा मला काही केल्या आठवत नाही.