गुरांच्या कानावरचा इतिहास: पाणिनीपासून भिवंडीच्या तबेल्यापर्यंत

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि नाशिक महामार्गालगतची गोदामे आठवतात. याच परिसरात मुंबई-ठाण्याला दूध पुरवणारे म्हशींचे तबेलेही आहेत. त्यांतल्या म्हशीच्या कानात आज एक पिवळा बिल्ला दिसतो. त्यावर बारा आकडे आणि खाली काळ्या रेघांचा बारकोड असतो. हा धागा त्या बिल्ल्याच्या पूर्वजांविषयी.

जनावराच्या कानावर खूण करण्याची चाल भारतात किती जुनी, याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो: व्याकरणात. इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात एक नियम सांगितला. खुणेचे नाव आणि त्यापुढे ‘कर्ण’ हा शब्द असा समास झाला, तर खुणेच्या नावातील शेवटचा स्वर दीर्घ होतो. कानावर विळ्याची खूण असलेले जनावर म्हणून ‘दात्राकर्ण’. नियमाला नऊ अपवाद आहेत आणि खरी गंमत त्या अपवादांत आहे. त्यांत स्वस्तिक आहे, मणी आहे, यज्ञातली स्रुवा नावाची पळी आहे, आठ आणि पाच हे अंक आहेत, तसेच फाटलेला, तुटलेला आणि भोक पाडलेला कानही आहे. वैयाकरणाला एवढे अपवाद नोंदवावे लागले, याचा अर्थ हे शब्द लोकांच्या तोंडी रोजचे होते. अथर्ववेदातही वासरांच्या कानांवर शस्त्राने खूण करण्यासंबंधीचे सूक्त आहे.

महाभारतातील घोषयात्रा अनेकांना गंधर्वांच्या युद्धामुळे आठवते. दुर्योधनाने धृतराष्ट्राकडे द्वैतवनात जाण्याची परवानगी मागितली, ती मात्र गुरांची मोजदाद आणि वासरांवर खुणा करण्याच्या निमित्ताने. निमित्त खोटे होते. पण ते राजाला पटण्यासारखे होते, हे इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे. राजघराण्याने आपल्या गोधनाची ठरावीक काळाने पाहणी करणे ही रूढ गोष्ट असल्याशिवाय असे निमित्त चालले नसते.

कौटिल्याने याच कामाला दप्तराचे रूप दिले. अर्थशास्त्रातील गोऽध्यक्षाने प्रत्येक जनावराची डागलेली खूण, अंगचे चिन्ह, रंग आणि दोन शिंगांमधले अंतर नोंदवावे, अशी अपेक्षा आहे. गावातला गुराखी आपले जनावर चालीवरून ओळखतो, हंबरण्यावरून ओळखतो. त्याला खुणेची गरज नसते. ज्याने ते जनावर कधी पाहिलेले नाही, त्याच्यासाठी खूण असते. चिन्हांचा सारा इतिहास हा अशा अनोळखी माणसाचा, म्हणजे बहुतेक वेळा सरकारचा, इतिहास आहे.

घोड्यांच्या बाबतीत हे उघड दिसते. अलाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने लष्करी घोड्यांना डाग देण्याची पद्धत राबवली. चांगला घोडा दाखवून वेतन उचलायचे आणि मोहिमेवर मरतुकडे तट्टू न्यायचे, ही सरदारांची लबाडी त्यांना मोडायची होती. मराठीतला ‘डाग’ हा शब्द मूळचा फारसीच.

इंग्रजी अमलात ओळखीचा प्रश्न सामान्य शेतकऱ्याच्या दारात आला. 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्याने कोंडवाड्याच्या रखवालदाराला नोंदवही ठेवायला लावली. किती जनावरे आली, त्यांचे वर्णन काय, कोणी कोंडली, मालक कोण, हे तिच्यात लिहायचे. ठरावीक मुदतीत मालक पुढे आला नाही, तर लिलाव. आपला बैल आपलाच आहे हे सिद्ध करायला शेतकऱ्याकडे असत ते रंगाचे आणि शिंगांचे शब्द: ढवळा, पवळा, बांडा, मोरा.

बैलांना हे शब्द पुरतात. मुऱ्हा म्हशीपुढे ते हात टेकतात. सगळ्या काळ्या, सगळ्यांची शिंगे आत वळलेली. मुंबईच्या दुधाचा व्यवहार तर अशाच म्हशींवर उभा राहिला. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरातल्या म्हशी हलवण्यासाठी 1949 मध्ये आरे वसाहत स्थापन झाली, तेव्हाही आणि नंतरही तबेल्यांचे चक्र तेच राहिले. दुभती म्हैस गुजरात वा हरियाणातून आणायची, आटली की विकायची. एका वेतात मालक बदलतो, कधी राज्यही बदलते. अशा जनावराचे वर्णन कोणत्या वहीत आणि कोणत्या शब्दांत लिहिणार?

उत्तर दूरच्या प्रयोगशाळेतून आले. 1970 च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे, जिथे अणुबॉम्ब घडला तिथेच, गायींसाठी बॅटरीविना चालणारा रेडिओ बिल्ला तयार करण्यावर काम झाले. वाचकयंत्राच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. त्याचा प्रसार मात्र भीतीने झाला. 1996 मध्ये ‘मॅड काउ’ रोगाचा माणसाशी संबंध असल्याची शक्यता ब्रिटिश सरकारने जाहीर केली आणि त्यानंतर युरोपात प्रत्येक गाईच्या दोन्ही कानांत बिल्ला, सोबत पासपोर्ट आणि संगणकीय नोंद सक्तीची झाली. ऑस्ट्रेलियाने रेडिओ बिल्लाच अनिवार्य केला. बोत्सवानाने कान सोडून थेट पोट गाठले: चिप असलेली चिनी मातीची गोळी जनावराला गिळायला लावायची, म्हणजे चोराला ती काढता येत नाही.

भारतातला पिवळा बिल्ला या अर्थाने इलेक्ट्रॉनिक नाही. त्यात सहसा चिप नसते. इलेक्ट्रॉनिक असते ती त्यामागची नोंदवही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने उभारलेल्या ‘इनाफ’ या प्रणालीत, आणि आता ‘भारत पशुधन’ प्रणालीत, बारा आकड्यांमागे जात, वय, वेत, लसीकरण आणि मालक यांची नोंद होते. सप्टेंबर 2019 मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांविरुद्धची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि बिल्ल्यांना वेग आला. लाळ्या-खुरकूताची लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. कोणाला कधी दिली हे ठाऊक नसेल, तर मोहीम अंधारात चालते.

महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक यांवर बंदी आली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील सेवाही बिल्ल्याला जोडल्या गेल्या. एका लसीच्या नोंदीसाठी आलेला क्रमांक अशा रीतीने मालकीचा आणि व्यवहाराचा पुरावा झाला. भिवंडीच्या तबेलेवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: परराज्यातून आलेल्या म्हशीची मालकी प्रणालीत बदलली नसेल, तर गोठ्यातली म्हैस त्याची आणि नोंदीतली दुसऱ्याची. कौटिल्याचा गोऽध्यक्ष शिंगे पाहून अशी तफावत निदान ताडू शकला असता. संगणकाला म्हैस दिसत नाही, आकडे दिसतात.

शिवाय बिल्ला दावणीत अडकतो, झुडपात ओढला जातो आणि कधी कानाच्या पाळीसकट तुटून पडतो. मग नवा बिल्ला मारून जुना क्रमांक त्याला जोडावा लागतो. तोवर ती म्हैस पाणिनीच्या यादीतली ‘छिन्नकर्ण’ असते. फरक इतकाच की पाणिनीच्या काळी तुटलेला कान हीच मालकाची खूण होती.