हवेची जागा : घर उबदार ठेवणाऱ्या नळांचा इतिहास

‘सेंट्रल हीटिंगचा शोध मुसलमानांनी लावला’ असे विधान आपल्या समाजात अधूनमधून ऐकू येते. पुरावा म्हणून एखाद्या जुन्या हमामाचे छायाचित्र दाखवले जाते. मला हे विधान दोन कारणांनी खटकते. एक तर ते खरे नाही. दुसरे म्हणजे, या विषयात मुस्लिम कारागिरांचे आणि विद्वानांचे जे खरे काम आहे, ते या बढाईखाली झाकले जाते.

जमिनीखाली पोकळी ठेवायची, तिच्यातून भट्टीचा गरम धूर फिरवायचा आणि वरची फरशी तापवायची, ही पद्धत रोमन लोकांची. रोमन साम्राज्य पश्चिमेत कोसळल्यावरही ती पूर्वेकडे टिकली आणि हमामांच्या रूपाने इस्लामी जगात पसरली. जॉर्डनच्या वाळवंटातील कुसैर अम्रा हे आठव्या शतकातील उमय्या काळचे ठिकाण भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथल्या हमामाची पोकळ जमीनही तितकीच पाहण्यासारखी आहे. हिंदुस्थानात हमाम नाहीत, अशी तक्रार बाबरने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. पुढे मोगलांनी इथे हमाम बांधले. म्हणजे आपण या विद्येचे वारसदार आणि राखणदार होतो, जनक नव्हतो. राखणे हेही लहान काम नाही.

पण आजच्या युरोपातील घरे धुराने तापत नाहीत, बंद नळांतून फिरणाऱ्या गरम पाण्याने तापतात. पाणी बंद नळात शिरले की एक नवा पाहुणा सोबत येतो, तो म्हणजे हवा. या तंत्राचा इतिहास बहुधा भट्टी आणि इंधनाच्या अंगाने सांगितला जातो. माझ्या मते तो हवेच्या अंगाने सांगायला हवा, कारण कारागिरांना सर्वांत जास्त छळले ते हवेनेच.

आणि इथे आपल्या इतिहासाचा खरा धागा सापडतो. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तिघे भाऊ होते. त्यांना बनू मूसा म्हणतात. त्यांच्या ‘किताब अल-हियल’ या ग्रंथात सुमारे शंभर यंत्रांचे वर्णन आहे. त्यांतील कितीतरी यंत्रे पाणी आणि हवा यांच्या ओढाताणीवर चालतात. त्यांच्या आधी अलेक्झांड्रियाच्या हेरॉननेही हा विषय हाताळला होता. मूळ गोष्ट साधी आहे. बाटलीच्या तोंडात नरसाळे घट्ट बसवून पाणी ओता, पाणी अडते. नरसाळे जरा उचला, हवा बाहेर निघते आणि पाणी आत जाते. हवा जागा अडवते आणि तिला वाट दिल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही. औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की पाहताना मला हेच आठवते. काही किलोमीटरवरचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवायचे, तर नळात हवा अडकून चालत नाही.

गरम पाण्याने जागा तापवण्याचे युरोपातील पहिले प्रयोग माणसांसाठी नव्हते. १७१६ मध्ये मार्टेन ट्रीवाल्ड या स्वीडिश अभियंत्याने इंग्लंडातील न्यूकॅसल येथे झाडांचे काचघर गरम पाण्याने तापवले. १७७७ मध्ये फ्रान्समध्ये बॉनमां यांनी कोंबडीची अंडी उबवण्यासाठी गरम पाण्याचे नळ वापरले. त्या काळी पंप नव्हता. गरम पाणी हलके म्हणून वर चढायचे, थंड झालेले जड पाणी खाली यायचे, आणि फेरा आपोआप चालायचा.

हा फेरा किती नाजूक होता, याचा हिशेब करून पाहा. नळाची उंची ३ मीटर, जाणारे पाणी ८० अंशांचे आणि परतणारे ६० अंशांचे असेल, तर पाण्याला ढकलणारा जोर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा भरतो. नळाला एका ठिकाणी वर बाक आला आणि तिथे हवा साचली, की एवढ्या जोराने ती हलत नाही. भट्टी पेटलेली, बॉयलर तापलेला, आणि खोली मात्र गार. म्हणूनच नळांना सतत उतार द्यायचा आणि सर्वांत उंच जागी हवेला तोंड ठेवायचे, हा नियम रुजला.

पण नळ पूर्ण भरल्यावर हवा येते कुठून? याचा एक धागा मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये दिला. वायूवर दाब जितका जास्त, तितका तो पाण्यात अधिक विरघळतो. शिवाय पाणी तापले की त्यात हवा कमी मावते. एक लिटर थंड पाण्यात सुमारे २० मिलिलिटर हवा विरघळलेली असते. चहाचे आधण उकळण्यापूर्वी पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरतात, ते हेच. घराच्या वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब सर्वांत कमी असतो. सुटलेली हवाही वरच जाते. म्हणून आजही आधी थंड पडतो तो बहुधा माडीवरचा रेडिएटर.

१८३१ मध्ये एंजियर मार्च पर्किन्स यांनी लंडनमध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी जाड लोखंडी बारीक नळांचा पूर्ण बंद फेरा केला आणि त्यात पाणी भारी दाबाखाली ठेवले. वास्तुविशारद जॉन सोन यांच्या लंडनमधील घरात अशी व्यवस्था होती. नळ भरताना पंपाने पाणी रेटून सगळी हवा हाकलायची, पण वरच्या एका रुंद नळीत थोडी हवा मुद्दाम राखायची. कारण १० पासून ८० अंशांपर्यंत तापताना पाणी सुमारे ३ टक्के फुगते. त्याला फुगायला जागा नसेल तर नळ फुटेल. पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. तीच हवा नळात शत्रू आणि त्या नळीत रखवालदार! आजच्या बंद यंत्रणेतील लोखंडी डब्यात रबरी पडद्याआड वायू कोंडलेला असतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आवाजाचा इतिहास वाफेपासून सुरू होतो. १७८४ च्या सुमारास जेम्स वॅटने आपली खोली वाफेने तापवून पाहिली. पुढे मोठ्या इमारतींत वाफेचे नळ आले. नळात साचलेल्या पाण्याला वेगवान वाफ ढकलते आणि ते वळणावर आदळते, तेव्हा घणाचा घाव बसल्यासारखा आवाज होतो. वाहते पाणी अचानक अडले की नळात दाबाची केवढी लाट उठते, याचे गणित रशियाच्या निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये मांडले.

सामान्य ब्रिटिश घरात ही सोय फार उशिरा पोहोचली. विजेचा पंप आणि बारीक तांब्याचे नळ यांमुळे १९५० नंतर ती आवाक्यात आली, तरी १९७० च्या सुमारास जेमतेम एक तृतीयांश घरांत सेंट्रल हीटिंग होते. म्हणजे त्याआधी रत्नागिरी-रायगडातून तिकडे गेलेली आपली अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबे कोळशाच्या शेगडीभोवती हिवाळा काढत होती. माझ्या मामूंच्या घरी तर वुजूचे पाणीही किटलीत तापवावे लागे. आज तिथे बॉयलर आहे, पण मुमानी पंच्याऐंशीच्या आहेत, आणि एका जानेवारीत त्यांच्याच खोलीतला रेडिएटर वरून गार पडला. त्या वयात गार खोली ही केवळ गैरसोय नसते, ते आजारपणाला आमंत्रण असते.

मामेभावाने फोनवर विचारले तेव्हा मी त्याला आवाज ऐकायला सांगितले. नळात खळखळ आणि रेडिएटर वरून थंड, खालून गरम, तर हवा. हीटिंग बंद करून, रेडिएटर निवू देऊन, छोट्या चावीने वरचे तोंड जरासे उघडायचे. फुस्स आवाज थांबून पाणी आले की बंद करायचे आणि बंद यंत्रणेत दाब पुन्हा पाहायचा. थंड असताना तो बहुतेक घरांत १ ते १.५ बार असतो. तापताना टकटक होत असेल, तर तो नळ लाकडाला घासतो आहे. तांब्याचा १० मीटर नळ ६० अंशांनी तापला की सुमारे १ सेंटिमीटर लांबतो. बॉयलर किटलीसारखा गुरगुरत असेल, तर आत क्षार किंवा गाळ बसून पाणी जागच्या जागी उकळते आहे. रेडिएटर खालून थंड असेल, तर तिथेही गाळच. बॉयलर उघडणे मात्र आपले काम नाही. ब्रिटनमध्ये गॅसचे काम कायद्याने नोंदणीकृत कारागिरानेच करायचे असते.

हवा काढल्यावर मुमानींची खोली तापली. पण दोन आठवड्यांनी खळखळ परत आली. अशा वेळी पुन्हा पुन्हा चावी फिरवणे म्हणजे तापावर फक्त गोळी घेणे. कुठे बारीक गळती असेल, तर दाब उतरतो, आपण नवे पाणी भरतो आणि त्यासोबत नवी हवा येते. त्या हवेतील प्राणवायू लोखंड खातो आणि काळा गाळ होतो. गंज चढताना हायड्रोजनही सुटतो, म्हणून रेडिएटरमधून निघणारा वायू नेहमी हवाच असतो असे नाही. त्याच्याजवळ काडी पेटवू नये. भावाच्या घरात गळती माडीवरच्या एका वाल्वला सापडली. तो बदलल्यावर त्या हिवाळ्यात पुन्हा हवा काढावी लागली नाही.

बगदादचे तीन भाऊ, मँचेस्टरचा हेन्री आणि लंडनचे पर्किन्स यांच्यात हजार वर्षांचे अंतर आहे, पण त्यांचे प्रश्न एकाच जातीचे होते : हवा कुठून आली, कुठे अडली आणि तिला कुठे जागा द्यायची. हमामाचे छायाचित्र दाखवून ‘हे आमचेच’ म्हणण्यापेक्षा आपल्या मुलांना हे प्रश्न विचारायला शिकवले, तर बनू मूसांचा वारसा जास्त खरेपणाने चालेल.